सात घोड्यांची भिंत

अल्बनीच्या नव्या घरात खोकी येऊन पडली आणि प्राचीने आधी पुण्याच्या वास्तुतज्ज्ञाला व्हिडिओ कॉल लावला. न्यूझीलंडात सूर्य उत्तरेकडून फिरतो, याचा त्या महाशयांना पत्ता नव्हता. पण दिवाणखान्यात टेकवलेलं, तिच्या सासूबाईंनी, इरावतीबाईंनी काढलेलं चित्र बघून त्यांनी नाक मुरडलं. अंधारी गल्ली, ओझी, कष्ट! तिथे सात धावते पांढरे घोडे हवेत म्हणे, भरभराट होते.

इरावतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई ती! ती गल्ली मोरोक्कोतल्या जुन्या फेझ शहरातली होती. लग्न नवं असताना रवींद्ररावांना तिथल्या गिरणीत यंत्रं बसवायचं काम मिळालं, तेव्हा दोघं तिथे राहिली होती. पावाचं पीठ घरोघरी मळायचं आणि फळीवर ठेवून गल्लीच्या भट्टीत भाजायला न्यायचं, ही तिथली रीत. रवींद्रराव फळी स्वतः डोक्यावर घेऊन निघत आणि शेजारणी हसून बेजार होत. ते वारल्यावर बाईंनी ती गल्ली रंगवली आणि त्यांना फळीसकट तिच्यात उभं केलं.

"आई, कॅनव्हास खूप मोठा आहे, हीप्स बिग," प्राची म्हणाली. "त्याच्यावरच सेव्हन हॉर्सेस काढाल का? वेस्ट नको जायला."

"काढ ना आई," अक्षत फोनमधून मान न काढता म्हणाला. "तुला काय, वीकेंडचं काम."

बापावर घोडे चढवायला निघालेला हा इंजिनिअर! एवढं शिकून अक्कल अजून पुण्याहूनच मागवतो.

"काढते," बाई म्हणाल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

चित्र भिंतीवर चढलं तेव्हा गल्ली जागच्या जागी होती. तिच्यातून पोती वाहत सात गाढवं चालली होती.

"आई, ही डाँकीज आहेत!" प्राची किंचाळली.

"त्या गल्लीत धावता घोडा मावत नाही. तिथली भरभराट गाढवांच्याच पाठीवरून येते. सात आहेत, मोजून घ्या."

आणि अक्षत खरोखरच पुढे होऊन मोजायला लागला! बाईंना हसू आवरेना. पाचव्या गाढवापाशी त्याचं बोट थांबलं. त्याच्यामागे भिंतीशी अंग चोरून, डोक्यावर फळी घेतलेला चष्मेवाला माणूस उभा होता.

"आई... हे बाबा? आत्ता काढलेस?"

"जुन्या घरात तीन वर्षं तुझ्या टीव्हीच्या वर उभे होते," बाई म्हणाल्या. "गाढवं मोजायला का होईना, मान वर केलीस."