बाळ झोपलंय, असं सगळे सांगत होते

ती घटना आठवली की आजही आधी माझी वाकलेली पाठ दिसते. खाकी साडी नेसून मी चौकशीला गेले होते, आणि महाराज समोर येताच सवयीने पाया पडले. वर हात पुढे करून तीर्थही घेतलं. शहाणी होते फार.

साठचं दशक सरत आलं होतं. बंगळुरात आम्ही महिला पोलीस मोजक्याच, त्यात मराठी येणारी मी एकटी, म्हणून मला नेलं. चामराजपेटेत बेळगावकडच्या एका महाराजांनी घर घेतलं होतं. आधी गुरुवारची आरती, मग भक्तांची औषधं बंद, मग माणसं संसार सोडून तिथेच राहायला. एक आजीबाई ठाण्यात आल्या. त्यांची सून तान्ह्याला घेऊन आत गेली होती. नातू तापाने फणफणलेला आणि डॉक्टरला मज्जाव.

मी वाकले तशी भक्तमंडळी खूश. "पोलीसअक्कांनाही पटलं," कुणीतरी म्हणालं. सून हसतच पुढे आली. "बाळ आत्ताच पिऊन झोपलंय. मी माझ्या खुशीने आलेय." "हो, झोपलंय," बाकीच्यांनीही री ओढली.

आमचे सब-इन्स्पेक्टर कानडी. त्यांनी विचारलं, "काय म्हणते?"

"खुशीत आहे म्हणते, सर."

खोली न उघडताच आम्ही परतलो. बरोबर महाराजांना जबाबासाठी ठाण्यात आणलं. नाव विचारलं तर म्हणाले, "देह त्याचा, नाव माझं कसं?" बराच वेळ विचारूनही कागदावर फक्त तारीख. सून खुशीत म्हटल्यावर गुन्हा काय नोंदवायचा, मला काहीच उमजेना.

बाहेर बाकावर आजी होत्या. "सून कशी दिसली गं?"

"छान. पोलकं तेवढं पुढून भिजलेलं. तीर्थ सांडलं असेल."

आजी ताडकन उठल्या. "लग्न झालंय का तुझं?"

"नाही."

"मग तुला काय कळणार, डोंबल. दूध आहे ते. पोर पीत नाहीये."

साहेबांना कानडीत सांगितलं. ते स्वतः लेकुरवाळे. महाराजांना तसंच बसवून त्यांनी जीप काढली. यावेळी दार उघडायला लावलं. बाळ चटईवर होतं, ओठ सुकलेले, रडायचंही त्राण नाही. मी त्याला उचलताच आई माझ्या मनगटाला चावली. पंचनामा मागून केला, आधी इस्पितळ गाठलं. पोर वाचलं.

ही बातमी पसरली तशी इतर घरची माणसंही आपापल्यांना न्यायला आली. खटला उभा राहिला तोवर महाराजांचं घर रिकामं झालं होतं. तरी बाळाच्या आईने साक्ष दिली ती महाराजांच्याच बाजूने.

फसलेला माणूस रडतच येईल, अशी माझी समजूत होती. तो हसत येतो आणि दार लावून घेतो. म्हणून पुढे नोकरीभर मी बोलण्याआधी माणसाच्या अंगाकडे बघू लागले. पण माणसं तिथे का जातात, ते मला कळलंय असं म्हणवत नाही. पुढे ती बाई मार्केटात भेटली. मूल बोट धरून चालत होतं. ती म्हणाली, "अक्का, लेकरू वाचवलंत, देव तुमचं भलं करो. पण खरं सांगू, मला झोप तिथेच लागायची."