मामाचा डावा हात

भंगारवाल्याला मी जो विकला तो मामाचा डावा हात होता. मला आपली ती मूठ तुटलेली जुनी इस्त्री वाटली. मी आणि मामा कामाला होतो तो बाइंडिंगचा कारखाना नव्या मालकांनी घेतला होता. ते बघायला येणार म्हणून, मामा कामावर यायच्या आत मी हौसेने साफसफाई काढली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

खरा हात कागद कापायच्या मशीनने कोपरापासून नेला होता. तेव्हापासून मामा शिवायच्या पानांवर इस्त्री ठेवायचा, दाताने दोरा ताणायचा आणि उजव्या हाताने टाके घालायचा. वेळ लागायचा, पण टाका ओळीत.

हात गेल्याचे फायदे तो भेटेल त्याला ऐकवायचा. "नखं अर्धीच कापायची. खळीने एकच हात बरबटतो. कपाट हलवायला कुणी बोलवत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा, भाचेबुवा, कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत!"

मामी म्हणायची, "मशीनने जीभ नेली असती तर चार फायदे माझेही झाले असते."

मालक आले, मामाच्या रिकाम्या बाहीकडे बघत म्हणाले, "दोन हातांची माणसं दारात उभी आहेत. एक वही शिवून दाखवा, मग ठरवू."

मामाचा हात सवयीने टेबलाच्या कडेला गेला. तिथे काही नव्हतं. "इस्त्री कुठाय रे?"

"भंगारात दिली."

"बरं," एवढंच म्हणाला. अर्ध्या हाताने दाबून बघितलं, तर पानं सटकली. पुन्हा दाबली, पुन्हा सटकली. मला राहवेना. मी धावलो आणि दोन्ही हातांनी गठ्ठा धरला. वही मग झकास झाली.

"वही छान आहे," मालक म्हणाले, "पण एका वहीला माणसं दोन लागली."

"साहेब, त्याची इस्त्री मी विकली," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"इस्त्री? ही काय लॉन्ड्री आहे? तुझे हात चालतात, तू राहा. यांना उद्यापासून नको."

मामाने उजवा तळवा छातीपाशी आणला आणि तसाच धरून ठेवला. समोरचा अर्धा नमस्कार मालकांना दिसला की नाही, कोण जाणे. ते पाठ फिरवून फोनवर बोलत होते. वाटलं, दुसऱ्या बाजूने माझा तळवा लावावा. लावला नाही.

आता त्याच्या टेबलावर मी बसतो. भंगारवाला म्हणतो, इस्त्री केव्हाच वितळली असेल. मामा दिवसभर खिडकीत. फायदे सांगत नाही, मामीही टोमणे मारत नाही. मी घरी गेलो की तो तेवढं विचारतो,

"माझी इस्त्री आणलीस?"

"उद्या नक्की, मामा."

"आण सावकाश. माझं काय काम अडलंय?"