डबी का बोलेना

मी निपाणीत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर आपल्याकडे तोडगा असणारच, असा माझा समज आहे. माझ्या वडिलांची, आप्पांची, नजर अधू झाली तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला कल्पना सुचली.

आप्पा बेळगावजवळ पिरनवाडीच्या घरात एकटे राहतात. सकाळची गोळी रक्तदाबाची, रात्रीची झोपेची, आणि आता दोन्ही पाकिटं त्यांना सारखीच दिसायला लागली होती. गल्लत झाली तर सरळ निपाणीला घेऊन जाईन, असं मी बजावलं. आप्पांना घर सोडायचं नव्हतं. पुढे दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

म्हणून मी नाण्याएवढे चिकटवायचे टॅग मागवले. यांच्यात सेल नसतो. मोबाईल अगदी जवळ नेला की त्याच्याच लहरींवर टॅग तेवढ्यापुरता जागा होतो, मोबाईलला खूण देतो आणि मोबाईल मी आधीच भरून ठेवलेल्या माझ्या करड्या आवाजात गोळी कुठली ते सांगतो.

"शेल न्हाय आणि चालतंय व्हय?" आप्पांनी विचारलं.

मला हेच हवं होतं. मी त्यांना सगळं भौतिकशास्त्र समजावलं. ते मध्येच कधीतरी डुलकी घेऊन उठले आणि बरं म्हणाले.

टॅग मी स्टीलच्या डब्यांना लावले. काही केल्या बोलेनात. आधी आप्पांच्या हाताला दोष दिला, मग मोबाईलला, मग पिरनवाडीच्या रेंजला, जिचा इथे काडीचा संबंध नव्हता. साधा टॅग धातूवर चालत नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. शेवटी प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या आणि त्या बोलल्या. पुढे कितीतरी दिवस मी स्टाफरूममध्ये दुसरा विषय काढला नाही.

मग एका सकाळी आप्पांचा फोन आला, डबी बोलत नाही म्हणून. घरकामाला येणाऱ्या बाई कन्नड बोलतात. माझं कन्नड उत्तम आहे, असंही मला वाटतं. त्यांना फोन द्यायला सांगितला आणि डबीवरचा टॅग बघा, या अर्थाने मोठ्या रुबाबात म्हणालो, "अक्का, डब्बी म्यालिन टॅग. टॅग!"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तगदीन्री."

काढले, म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इकडच्या कन्नडात 'तगी' म्हणजे काढ. मी ओरडून ओरडून काढ, काढ म्हणत होतो आणि त्यांनी सगळे टॅग नखाने खरवडून काढले होते. आता दोन्ही डब्या मुक्या, गोळी घ्यायची वेळ झालेली, आणि आप्पांनी फोन ठेवून दिलेला. मी मिळेल ती बस धरली. बेळगाव येईपर्यंत फोन लावत राहिलो, लागला नाही. मला खरंच भीती वाटत होती.

घरी पोचलो तर आप्पा निवांत चहा पीत होते. डब्यांना रबर लावलेलं होतं. "एक रबर सकाळचं, दोन रबर रातचं," ते म्हणाले. स्टीलच्या डब्यांपासूनच ही व्यवस्था चालू होती. गोळी कधीच चुकली नव्हती. मोबाईलमध्ये काय बिघडलं होतं म्हणाल, तर टॅग वाचायचं बटण चुकून बंद झालेलं.

मग रोज मोबाईल लावत कशाला होता, असं मी जरा चिडूनच विचारलं. आप्पांनी कप तोंडाला लावला. बाईंनीच हसत सांगितलं की अज्जा रोज डबीला मोबाईल लावतात, तुमचा आवाज आला की त्याला उत्तर देतात, जेवलास का म्हणून विचारतात. आप्पा ओशाळून कपात बघत राहिले. आठवड्यातून एकदा फोन करून मी गोळ्यांचीच चौकशी करत असे.

निपाणीचा विषय मी पुन्हा काढला नाही. आप्पांनी नवे टॅग लावायला सांगितले. "पर त्ये रागं भरल्यालं काढ," म्हणाले, "दुसरं कायतरी बोल." मी तीनदा भरलं आणि तिन्ही वेळा बसस्टँडवरची सूचना झाली.

"काय सुचंना तर जेवलो म्हण," आप्पा म्हणाले.

तेवढंच भरलं. आप्पांनी लगेच मोबाईल लावून पाहिला आणि मी शेजारी बसलेलो असताना त्या डबीला म्हणाले, "बरं रं."