हुलग्याचे शेंगोळे

बेल्ह्याच्या बाजारात सगळी मेंढरं विकून माझे सासरे सोनबा २००४ साली मंचरला आमच्याकडे राहायला आले आणि माझं डोकं उठलं. चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस दोन खोल्यांत मावणार कसा? दिवसभर गॅलरीतून दारात आणि दारातून गॅलरीत. जेवायलाही बसायचे नाहीत. भाकरीवर कोरड्यास घेऊन फिरत खायचे.

चौकात बिनफवारणीच्या धान्याचं नवं दुकान निघालं होतं. तिथून मी हुलगे आणले, दळले आणि शेंगोळे केले. सासऱ्यांनी उभ्याउभ्याच एक तोंडात टाकला आणि खाली बसले. ताट संपेपर्यंत उठले नाहीत.

"हा हुलगा लेंडीखतावरचा हाय," ते म्हणाले. "ह्या रानात मेंढरं बसवत्यात."

"चवीवरनं कळतं व्हय?" मी वैतागून विचारलं.

त्यांनी पिशवी मागितली आणि तिच्यावरचं शेतकऱ्याचं नाव-गाव माझ्याकडून वाचून घेतलं. गाव होतं निरगुडसर. दुसऱ्या दिवशी मला न सांगता सकाळच्या एसटीनं निघून गेले.

आले ते दिवेलागणीला. धुतलेल्या फरशीवर लेंड्यांनी भरलेल्या चपलांचे ठसे उमटवत थेट गॅलरीत गेले. मी फडकं घेऊन चिडतच मागं गेले.

"सापडलं का रान?"

"सापडलं. मेंढरं बी बसली व्हती." ते रस्त्याकडं बघत राहिले. "हाक मारून बघितली. एक बी वळलं न्हाई."