रुखमाबाई सुईण आणि नागपूरचा कागद

दिग्रसपासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात रुखमाबाईच्या हातून न जन्मलेलं माणूस शोधायचं तर म्हाताऱ्यांकडेच जावं लागे. तीस वर्षं ती सुईणपण करत होती. छप्पन साली घरानं बौद्ध धर्म घेतला आणि गावकीची सगळी कामं सोडली. आता बाळंतपणंही सोड, असं काहीजण तिला म्हणाले. "ते गावाचं काम नाई, बाईचं काम हाय," असं तिनं सांगितलं आणि विषय तिथंच संपला.

तिची एक रीत होती. आत बायकोला कळा सुरू झाल्या की बाहेर नवरा कासावीस होतो, दारात घुटमळतो, विचारून विचारून जीव खातो. अशा नवऱ्याला ती सरळ नदीवर पिटाळायची. अरुणावतीच्या डोहातलंच पाणी लागतं, विहिरीचं चालत नाही, असं ठणकावून सांगायची. तो धापा टाकत घागर आणायचा आणि ते पाणी ढोरं प्यायची.

तिच्या कंबरेच्या डाव्या अंगाला, लुगड्याची गाठ रोज करकचून बसायची तिथं, एक काळा खरबरीत चट्टा होता. किती वर्षांचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. बासष्टच्या हिवाळ्यात तो चिरला, त्यातून पाणी सुटलं आणि होळीपर्यंत त्याची जखम झाली. हळद झाली, कडुनिंब झाला, जखम काही मिटेना. शेवटी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईनं ती पाहिली आणि यवतमाळचा दवाखाना गाठायला सांगितलं. नवरा डोमाजी गवंडी होता. अर्धी चढवलेली भिंत तशीच टाकून तो तिच्यासोबत एस.टी.त बसला.

डॉक्टरांनी जागा बधिर करून जखमेच्या काठाचा डाळीएवढा तुकडा काढला आणि बाटलीत घातला. तो नागपूरला जाईल, तिथं तपासतील, तीन आठवड्यांनी या, असं ते म्हणाले. काय असेल, म्हणून डोमाजीनं विचारलं. बहुतेकदा साधी जखमच असते, पण अशा जागी कधीकधी कॅन्सर निघतो, तेव्हा खात्री केलेली बरी, असं डॉक्टरांनी समजावलं.

तो शब्द रुखमाबाईनं पूर्वी एकदाच ऐकला होता, दिग्रसच्या एका व्यापाऱ्याच्या आईबद्दल. ती बाई सहा महिन्यांत गेली होती. घरी आल्यापासून तिला अर्धी भाकरही जाईना. तव्यावरची भाकर करपायची आणि हिचा हात कंबरेवर. चौथ्या दिवशी तिनं पेटीतली दोन नवी लुगडी काढली आणि लेकीसाठी, नलूसाठी, वेगळी बांधून ठेवली. डोमाजीनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चिंचेचं पोतं आणून तिच्यापुढं टाकलं. दारव्ह्याच्या बहिणीला चिंच पाहिजे, फोडून चिंचोके काढून दे, म्हणाला. ते संपायच्या आत दुसरं आणलं. रुखमाबाई कुरकुरली, पण फोडत बसली.

दहा-बारा दिवस असे गेले असतील. एका सकाळी जवळच्या तांड्यावरचा धावजी पळत आला. त्याची बायको भुरीबाई पहिलटकरीण होती, कळा सुरू झाल्या होत्या. "याडी, चल," तो म्हणाला. तांड्यातली माणसं तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. रुखमाबाईचा पाय उंबऱ्यात अडला. अशा अंगानं जावं का? पण हे शिवून लागत नाही, असं नर्सबाईनं पट्टी बांधताना सांगितलं होतं. तिनं कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि निघाली.

दुपारपर्यंत भुरीबाई अडली. तेवढ्या वेळात रुखमाबाईला कंबर आठवली नाही. धावजी तिसऱ्यांदा दारात आला तेव्हा तिनं त्याला सवयीनं डोहावर पाठवलं. घागर घेऊन पळणारी त्याची पाठ ती पाहत राहिली आणि एकदम तिला चिंचेचं पोतं दिसलं. दारव्ह्याच्या नणंदेच्या दारात तर चिंचेची दोन झाडं होती! रुखमाबाईला असं हसू फुटलं की भुरीबाई कळ विसरून तिच्याकडं बघायला लागली. मग लवकरच मोकळीही झाली. मुलगी झाली.

घरी आली तेव्हा डोमाजी मागच्या भिंतीसाठी गारा कालवत होता.

"तुमच्या बहिनीले चिंच कायले लागते?" तिनं विचारलं.

डोमाजीनं फावडं ठेवलं. "नलूच्या बाळंतपनात तू मले दोनदा नदीवर धाडलं होतं. पानी लागत नाई, हे मले तवाच समजलं होतं. तरी गेलो. बसून राह्यलो असतो तं मेलो असतो."

रुखमाबाई ओट्यावर बसली. "मले लय भेव लागून राह्यलं," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मलेबी," डोमाजी म्हणाला. तिला न सांगता तो नर्सबाईकडं जाऊन आला होता. निघालंच काही तर नागपूरला कापून काढतात, वेळेवर गेलं तर माणूस वाचतं, असं नर्सबाईनं त्याला सांगितलं होतं. उरलेली चिंच दोघांनी मिळून फोडली. भीती काही गेली नाही, पण त्या संध्याकाळी रुखमाबाईनं अख्खी भाकर खाल्ली.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी नागपूरचा कागद वाचला आणि कॅन्सर नाही, असं सांगितलं. लुगड्याची गाठ घासून घासून झालेली जुनी जखम होती. मलम लावायचं, गाठ सैल बांधायची, जागा बदलायची, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. डोमाजीनं तेच तीनदा विचारून घेतलं. रुखमाबाईनं एवढंच विचारलं की बाळंतपणं करायला हरकत नाही ना. नाही, म्हणाले. बाहेर येताच ती पायरीवरच बसली. मग स्टँडवर दोघांनी पोटभर भजी खाल्ली.

एस.टी. यवतमाळबाहेर पडायच्या आत डोमाजीला झोप लागली. चारचौघांत त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं. एरवी तिनं कोपरानं ढोसलं असतं. दारव्ह्यापर्यंत ती हललीसुद्धा नाही.

त्या पावसाळ्यापासून नदीवर धुणं धुताना ती बायांच्या कंबरा न्याहाळू लागली. शेजारच्या वच्छलाबाईला तसाच काळा चट्टा होता. गाठ सैल कर, म्हणून रुखमाबाई तिच्या मागं लागली.

"सैल बांधलं तं निंदताना सुटते न माय," वच्छलाबाई म्हणाली.

"सुटलं तं पुन्हा नेस," रुखमाबाई म्हणाली, आणि ओल्या हातानंच तिला धरून नर्सबाईकडं घेऊन गेली.