संग्रहालयातल्या घंटेची ओळख

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी भोर संस्थानात फौजदार होतो.

हिर्डोशीकडच्या एका गावात देवळाची घंटा चोरीला गेली. पाटलांनी स्वतः ठाण्यात येऊन फिर्याद दिली आणि गुरवावर संशय घेतला. देवळाची किल्ली त्याच्याच घरी असे. गुरव कोठडीत एकच पाठ म्हणत राहिला, "म्या देवाची घंटा इकीन का, सायेब?" दुसरं काही वदेना. तिकडे पाटलांनी पूजेचा मान आपल्या भाच्याला देऊनही टाकला. गुन्हा शाबीत झाला की गुरवाला तुरुंग आणि बायकापोरांना उपास, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात घाटाखाली बैल नेणाऱ्या खबऱ्याने बातमी आणली. "तसलीच घंटा बंदरावर हाय. जुन्या गलबतांचं सामान मांडून ठिवलंय, तितं."

बंदर इंग्रजी हद्दीत. परवानगीसाठी जोडे झिजवले आणि पाटील, चार पंच व बेडी घातलेला गुरव अशी वरात घेऊन वरंधा घाट उतरलो.

जुन्या वखारीत एका हौशी वकिलांनी संग्रहालय मांडलं होतं. शिडं, दोर, होकायंत्रं, नांगर. पंचांनी दारातच वहाणा काढल्या आणि दिसेल त्याला नमस्कार सुरू केला. एकाने तर जहाजाच्या नांगराला भंडारा लावला.

"अहो, हे देऊळ नाही!" वकील ओरडले. मी कपाळाला हात लावला.

घंटा आत टांगलेली होती. "ही फिरंगी गलबतावरची आहे. व्यापाऱ्याकडून रीतसर घेतली," वकील म्हणाले.

"आसंल फिरंग्याची," एक म्हातारा पंच म्हणाला. "आमच्या वाडवडलांनी लढाईतनं आणून देवाला वाहिली."

त्या गावाची रीत होती, खरं बोलायचं तर या घंटेला हात लावून बोलायचं. एकेक पंच पुढे झाला, घंटा वाजवून "व्हय, हीच" म्हणाला. गुरवाने बेडीसकट दोन्ही हात वर नेले. "हीच. आन् म्या न्हाई इकली."

पाटील दाराशीच उभे. वहाणाही पायातच.

"हीच हाय," ते म्हणाले.

"हात लावून सांगा," मी म्हणालो.

"लांबनं दिसतीया की."

म्हातारा म्हणाला, "पाटील, तुमी फिर्यादी. हात लावा आन् गुरवानंच चोरली म्हना."

पाटील घंटेजवळ आले. हात खांद्यापर्यंत गेला आणि खाली आला. "फौजदारसायेब, जरा भाईर या."

बाहेर त्यांनी सगळं कबूल केलं. गुरव शेतावर असताना त्याच्या घरून किल्ली मागवली होती आणि घंटा काढून व्यापाऱ्याला विकली होती. भाच्याला मान मिळावा म्हणून एवढा उपद्व्याप! वकिलांनी बोलावून आणलेल्या त्या व्यापाऱ्यानेही पाटलांना ओळखलं. एवढं भोरला बोलले असते तर आम्हा सगळ्यांचे गुडघे वाचले असते.

मी गुरवाची बेडी काढली. आभार कुठले! "घंटा आताच न्यायची ना?" तो म्हणाला. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ती मुद्देमाल म्हणून जप्त राहणार, हे मी तीनदा समजावलं.

"मंग म्या सुटलो आन् ती आडाकली म्हना," तो माझ्यावरच चिडला.

तोंड कशालाही हो म्हणतं. त्या दिवसापासून जबाब घेताना मी माणसाचे हात पाहत आलो. पुढे घंटा देवळात परत टांगली तेव्हा गुरवाने आग्रहाने बोलावलं. "वाजवा, सायेब." मी हात वर नेला आणि तिथंच थांबलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाकुणाला खरंखोटं काय काय सांगितलं होतं, ते आठवू लागलो. गुरव माझ्या हाताकडे बघत होता.