यादीतला आठवा दोष

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवलेलं एवढं एकच – निदान मोजण्यासारखं एकच. तुम्ही विचाराल, मग आता का? तसं कारण काही नाही. सगळं ठीक चाललंय. गाडी उत्तम आहे, लिटरला अठरा किलोमीटर देते, सहा वर्षांत एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. हे सगळं माझ्या वहीत आहे. त्याच वहीत एक ओळ खोटी आहे.

गाडी जुनीच घेतली, होटगी रस्त्यावरच्या मल्लिनाथशेठकडून. पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजणं ही माझी नोकरी. त्यामुळे घेण्याआधी तीनदा जाऊन पाहिली, टायरची नक्षी पट्टीने मोजली. शेठ म्हणाला, पोरगी बघायला आलेले पाहुणेसुदीक एवढं बघत न्हाईत. पण माणूस शब्दाचा. पहिल्या महिन्यात जे बारीकसारीक निघेल ते लिहून आणा, आमचा मिस्त्री करून देईल, म्हणाला.

मिस्त्री म्हणजे नरसय्या. साखरपेठेतला, साठीला आलेला, किडकिडीत. घरातले सगळे कापड विणायला मागावर बसले, हा एकटाच इंजिनात शिरला. शेठच्या आवारात तीसेक गाड्या दाटीने उभ्या असायच्या. मधलीच एखादी हवी असली तर वीतभर जागेतून मागे घेत घेत ती बाहेर काढणं फक्त त्यालाच जमायचं. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. गाडी निघाली की किल्ली बोटावर एकदा गर्रकन फिरवायचा, बस.

ताबा घ्यायच्या दिवशी सकाळी त्यानेच आमची गाडी धुऊन, मागे घेऊन फाटकाशी आणून ठेवली. मी चालवत घरी आणली. गाडी शिकून मला दोनच महिने झाले होते. दारात पूजा झाली – हार, कुंकू, चाकांपुढे लिंबं. सुनंदा गाडीपुढे नारळ घेऊन वाकली. म्हणाली, नारळ फुटला की मी बाजूला होते, तुम्ही लगेच लिंबांवरून पुढं घ्या. नारळ फुटला. मी क्लच सोडला – आणि गाडी मागे गेली. हातभरच. मागे विजेचा खांब होता.

हँडब्रेक सैल होता का? होता. यादीत तो चौथा आहे, आणि खरा आहे. पण गाडी त्यामुळे मागे गेली नाही. मी घाईत रिव्हर्स टाकला होता.

सुनंदा हसत म्हणाली, "नारळ दोनदा वाजला की हो."

"लिंबं फुटली," मी म्हणालो. लिंबं तर अजून चाकांपुढे अख्खीच होती. मग पहिला गिअर टाकला आणि ती फोडली.

संध्याकाळी मागे जाऊन पाहिलं. डिकीच्या दाराला तळहाताएवढा पोचा, डावा दिवा तडकलेला. आणि मी वही उघडली. काच अडकते, वायपर रेघा ओढतो, हॉर्न मध्येच बसतो – असे सात दोष खरे. आठवा लिहिला : मागे पोचा, दिवा फुटका, ताबा घेताना पाहायचं राहून गेलं. का लिहिलं? पैशासाठी? नाही, दिवा मी सहज बदलला असता. पण आमच्या गल्लीत कुणाचं वीजबिल चुकलं तरी माझ्याकडे तपासायला येतात. अशा माणसाने पहिल्याच दिवशी, पूजेत, उभ्या खांबावर गाडी आदळली – हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथशेठने यादी वाचली. नरसय्याला हाक मारली.

"मिस्त्री, काल गाडी धुऊन मागं तूच घेतलीस न्हवं? सायबांची वही खोटं बोलत न्हाय."

नरसय्या वाकला, पोच्यावरून बोट फिरवलं. मी वाट पाहत होतो – नाही म्हणेल. तो नाही म्हणाला असता तर मी बोललो असतो का? माहीत नाही. तो म्हणाला, "लागली असेल, साहेब. मला कळलं नाही."

खोटं तो बोलत नव्हता, हेच वाईट. त्याला ते खरंच वाटलं. स्वतःच्या हातांपेक्षा त्याने माझ्या वहीवर विश्वास ठेवला. शेठने तिथल्या तिथे सांगितलं, आजपासून गाड्या काढायच्या न्हाईत, नुसतं दुरुस्तीचं बघ. त्याने खिशातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मी उभा होतो. हातात वही होती.

आठही दोष चार दिवसांत दुरुस्त झाले, चोख. पुढच्या खेपेला नरसय्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. म्हणाला, तुमच्यामुळे डोळे तपासले साहेब, थोडा नंबर निघाला. माझे आभार मानले त्याने. चष्म्याने त्याचं भलंच झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण किल्ल्या त्याला परत मिळाल्या नाहीत.

गाडी अजून त्याच्याकडेच नेतो. काम झालं की बाहेर मीच काढतो. आता मला चांगली जमते. नरसय्या मागे उभा राहून हाताने खुणावतो, "येऊ द्या, येऊ द्या." जागा संपली की डिकीच्या दारावर तळहाताने दोनदा थाप मारतो. पोचा होता, तिथेच. मी ब्रेक दाबतो.